सीलबंद काचगोलातली कोळंबी: देखणी वस्तू, अपुरं शैक्षणिक साधन

खायला घालायला नको, पाणी बदलायला नको, असं सांगून हा काचगोल विकला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण म्हणून त्याला बाहेरून काहीच लागत नाही, हा समज चुकीचा. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आतल्या आत फिरत राहतात. ऊर्जा फिरत नाही. ती रोज प्रकाशाच्या रूपात आत यावी लागते आणि शेवटी उष्णता होऊन काचेतून निघून जाते.

आत मचूळ पाणी, शैवाल, जिवाणू, खडी-शिंपले, वाळलेल्या समुद्रपंख्याची (पंख्यासारख्या प्रवाळाची) फांदी आणि हवाई बेटांवरची इवलीशी तांबडी कोळंबी, हॅलोकॅरिडिना रुब्रा. फांदी शोभेची वाटते, पण जिवाणूंना चिकटायला जागा तीच देते. कोळंबीने टाकलेल्या अमोनियाचं हे जिवाणू नायट्रेट करतात, त्यातूनच स्वतःची ऊर्जा मिळवतात आणि शैवालाला खत पुरवतात. गोलात मासा का नसतो, याचं उत्तर परिसंस्थेचे अभ्यासक रेमंड लिंडेमन यांनी 1942 मध्ये मांडलेल्या हिशोबात आहे: अन्नसाखळीच्या एका पायरीवरची (पोषण पातळीतली) ढोबळमानाने दहा टक्केच ऊर्जा वरच्या पातळीला मिळते. शैवालाच्या शरीरात 1000 ज्यूल साठले तर कोळंबीच्या अंगी 100 लागतात, तिला खाणाऱ्याच्या वाट्याला 10. एवढ्याशा पाण्यात त्यावर कोण जगणार? कोळंबीचंही जेमतेम भागतं. एरवी ही जात दहा वर्षांहून जास्त जगते, गोलात मात्र बहुधा दोन-तीन वर्षंच. विक्रेते याला ‘संतुलन’ म्हणतात. संथ उपासमार म्हणणं जास्त प्रामाणिक ठरेल.

गोल बिघडतो तो बहुतेक वेळा जागेमुळे. थेट ऊन लागलं की पाणी तापतं, आणि 10 अंश वाढले तर कोळंबीचा श्वसनाचा खर्च साधारण दुप्पट होतो. शिवाय शैवाल माजतं: दिवसा पाण्याचा सामू (pH) चढतो, रात्री सगळेच श्वास घेत असल्याने ऑक्सिजन घटतो. उलट अंधाऱ्या कोपऱ्यात शैवालच खंगतं. खिडकीपासून दोन-तीन फूट आत, आठ-दहा तास उजेड, तापमान 18 ते 27 अंश, एवढं सांभाळा. काच हिरवी झाली तर आतलं चुंबक बाहेरच्या चुंबकाने फिरवून ती पुसा आणि उजेड कमी करा. तळाशी पारदर्शक, पोकळ कोळंबी दिसली तर घाबरू नका, ती कात असते. मेलेली कोळंबी अपारदर्शक, गुलाबीसर दिसते.

शिकवण्यासाठी मात्र हा गोल लंगडा आहे, कारण यात काहीच मोजता येत नाही. (अंधारात ठेवून ‘प्रयोग’ करू नका, कोळंबी मरते आणि सील फोडून नवी टाकता येत नाही.) त्यापेक्षा तीन परीक्षानळ्या आणि ब्रोमोथायमॉल ब्ल्यू (पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की निळ्याचा पिवळा होणारा दर्शक) जास्त शिकवतात. पाण्यात थेंब टाकून ते निळं करा, स्ट्रॉने फुंकून पिवळं होऊ द्या. ते पाणी तोंडात जाऊ देऊ नका. ते तीन नळ्यांत भरा, दोन नळ्यांत हायड्रिला या पाणवनस्पतीची फांदी घाला, त्यातली एक फॉइलमध्ये गुंडाळा, तिसरी नुसत्या पाण्याची. तिन्हींना बुचं लावून तेजस्वी उजेडात ठेवा. काही तासांत न गुंडाळलेल्या फांदीची नळी हिरवट-निळी होते, कारण उजेडात फांदी कार्बन डायऑक्साइड वापरते; गुंडाळलेली पिवळीच राहते. नुसत्या पाण्याचीही निळी झाली तर बूच सैल आहे, वायू निसटतोय.

शोभेसाठी 5 पैकी 4, वर्गासाठी 2. घ्यायचाच असेल तर कोळंब्या हलत्या, चरत्या आहेत ना, ते दुकानातच पाहून घ्या. फिकट पडून एका जागी बसलेल्या असतील तर तो गोल सोडा.