हँडब्रेक नका लावू, ताई: फोर्टातलं पे अँड पार्क

मुंबईत गाडी आणू नका, असं आमच्या दिरांनी तीनदा बजावलं होतं. ते ठाण्याला राहतात, पंचवीस वर्षं लोकलने व्हीटीला जातात (अजूनही व्हीटीच म्हणतात), आणि त्यांच्या मते फोर्टात स्वतःची गाडी घेऊन शिरणारा माणूस एक तर मंत्री असतो, नाही तर नाशिकचा. आम्ही नाशिकचे.

पण आमच्या सासूबाईंना वॉकर लागतो. नाशिकरोडचा पूल, सामान, डबा आणि वॉकर या चौघांना एकत्र सांभाळायची माझी तयारी नव्हती. शिवाय हट्ट त्यांचाच होता. लग्नाआधी त्या दोन वर्षं बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग कंपनीत टायपिस्ट होत्या. ती इमारत एकदा बघायची, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम बघायचं आणि गेटवेला जाऊन शेंगदाणे खायचे, एवढीच यादी. वय अठ्ठ्याहत्तर. नाही म्हणायला तोंड कोणाचं उघडतंय?

म्हणून गेल्या डिसेंबरातल्या एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघालो. मी, आई म्हणजे सासूबाई, आणि लेक. नवऱ्याने "ऑफिसात ऑडिट आहे" असं सांगून अंग काढून घेतलं. इगतपुरीला समृद्धीवर चढलो. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये उघडल्यापासून कसाऱ्याचा घाट आमच्या आयुष्यातून गेलाच आहे. मुलुंडच्या नाक्यावर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. पुढे चेंबूरला पूर्व मुक्त मार्गावर चढलो की खाली सिग्नल नाही, काही नाही, थेट पी. डिमेलो रोडला उतरायचं. सगळं इतकं सुरळीत झालं की दिरांना फोन करून चिडवायचा मोह झाला. नाही केला तेच बरं. कारण डिमेलो रोडपासून म्युझियमपर्यंत जेमतेम तीन-चार किलोमीटर, आणि तेवढं अंतर कापून गाडी लावायला मला पन्नास मिनिटं लागली.

फोर्ट म्हणतात, पण तिथे किल्ला नाही. तट १८६० च्या दशकात पाडले. आतल्या गल्ल्या मात्र तटाच्या आत असताना होत्या तेवढ्याच राहिल्या. घोडागाडी आणि पालखीच्या मापाच्या त्या गल्लीत एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला सँडविचवाला, मध्ये हातगाडी, आणि मागून एक टेम्पो हॉर्न वाजवतोय. मोबाइलच्या नकाशावर निळ्या चौकोनात 'पी' दिसत होता. तिथे पोचलो तर रस्ता खणलेला. दुसऱ्या 'पी'पाशी साखळी लावलेली आणि साखळीमागे मोकळी जागा, पण ती कोणासाठी तरी राखून ठेवलेली. तिसऱ्या ठिकाणी टोपी घातलेला एक गृहस्थ धावत आला, "लावा लावा, दोनशे." मी विचारलं, पावती? म्हणाला, पावतीचं मशीन बंद आहे. मागे खांबावर दराचा फलक होता. त्यावर लिहिलेल्या दराच्या दुपटीहून जास्त झाले की हो हे, म्हटलं, तर म्हणाला, "तो फलक जुना आहे, मॅडम." फलक नवा कोरा होता. नुसता रंगाचा वास यायचा राहिला होता.

मी रिव्हर्स घेतला. मागून आई म्हणाल्या, "दे ना दोनशे, माझे पाय आखडलेत." पण इथे तत्त्वाचा प्रश्न होता. खरं सांगायचं तर दोनशे रुपयांचाही होता.

गल्लीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याने जास्त मागितले त्याच्याही गल्लीचं नाही, आणि आता जिचं कौतुक करणार आहे तिच्याही नाही. पहिला सुधारेल ही आशा आहे, आणि दुसरीकडे तुम्ही सगळे एकदम गेलात तर मला जागा मिळणार नाही ही भीती.

तर म्युझियमपासून चालत सहा-सात मिनिटांवर, एका मोठ्या झाडाखाली एक पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या. साडीवर खाकी जाकीट, गळ्यात ओळखपत्र, कमरेला पावत्यांचं पुस्तक. रांग भरलेली दिसत होती. मी काच खाली करून नुसतं बघितलं. त्यांनी गाडीचा नंबर बघितला, एमएच १५, मागच्या सीटवरचा वॉकर बघितला आणि विचारलं, "किती वाजेपर्यंत?" मी म्हटलं, दोन-अडीच. "मग आत घेते. दोनच्या आधी निघणाऱ्या बाहेर लावते. थांबा." आणि हाक मारली. दोन पोरं आली, एका पांढऱ्या डिझायरच्या बॉनेटला हात लावला आणि ती गाडी ढकलत चार हात मागे नेली. आत ड्रायव्हर नाही, इंजिन बंद. मग मागची सँट्रो पुढे. कोड्यातल्या सरकत्या ठोकळ्यांसारखं पाचएक मिनिटं चाललं, आणि जिथे सायकल मावली नसती तिथे माझ्या वॅगनआरपुरती जागा झाली.

"येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, अजून, बस्स. आता न्यूट्रल. हँडब्रेक नका लावू, ताई."

सतरा वर्षं गाडी चालवतेय. हँडब्रेक न लावता उतरणं म्हणजे गॅस सुरू ठेवून घराबाहेर पडण्यासारखं वाटतं. हात आपोआप तिकडे गेलाच. बाईंनी काचेतून बोट हलवलं, एका पोराने चाकाखाली वीट सरकवली. किल्ली माझ्याकडेच राहिली. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मात्र किल्ली ठेवून जावी लागते, कारण त्या बंद करून अशा ढकलता येत नाहीत, असं त्या म्हणाल्या. मला किल्ली द्यायला जमलं नसतं. तुम्हाला जमत असेल तर तुमचं तुम्ही बघा.

पावतीवर गाडीचा नंबर आणि वेळ पेनाने लिहिलेली. फलकावरचाच दर. फोर्टात गाडी लावायची तर मी एवढंच बघेन: पावतीवर वेळ आहे का, आणि तो माणूस "किती वाजेपर्यंत" विचारतो का. नुसती जागा दाखवणाऱ्याला तुमच्या गाडीचं पुढे काय होणार याच्याशी काही देणंघेणं नसतं. वेळ विचारणाऱ्याच्या डोक्यात मात्र अख्ख्या रांगेचं वेळापत्रक असतं. या बाईंना चाळीसेक गाड्या तोंडपाठ होत्या. कोण वकील, कोर्टातून कधी सुटणार, कोणाची मीटिंग लांबणार. "ती लाल गाडी सातशिवाय हलत नाही, साहेब शेअर बाजारात आहेत," असं मला न विचारता सांगितलं.

आई उतरल्या आणि वॉकर धरून आधी काळ्या घोड्याकडेच निघाल्या. त्यांच्या शाळेच्या दिवसांत त्या घोड्यावर राजा होता, एडवर्ड सातवा. १९६५ मध्ये तो पुतळा हलवला आणि आता तो राणीच्या बागेत आहे. राजा गेला, त्याच्या जागेवर मोटारी उभ्या राहू लागल्या, आणि नाव मात्र घोड्याचंच राहिलं. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही. आईंनी तो नीट बघितला आणि म्हणाल्या, "याला बरी जागा मिळाली पार्किंगला." ऱ्हिदम हाउसचं बंद दार बघून मात्र गप्प झाल्या. तिथे बूथमध्ये उभं राहून रेकॉर्ड ऐकायच्या, विकत घ्यायला पैसे नसायचे.

म्युझियमचं वर्णन करत नाही, ते तुम्ही बघालच. तिथून गेटवेला गाडी नेण्याचा विचार एक मिनिट मनात आला होता. नेऊ नका. एकदा मिळालेली जागा सोडायची नाही. काळीपिवळी केली, मीटरप्रमाणे ३१ रुपये, म्हणजे कमीत कमी भाडं. टॅक्सीवाल्याने वॉकर स्वतः घडी करून डिकीत टाकला. गेटवेच्या आसपास रस्त्यावर गाडी सोडून "दोन मिनिटांत येतो" म्हणणारे दिसले आणि त्यांच्याकडे डोळा ठेवून असलेली टोइंगची गाडीही दिसली. नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलात तर १५००, गाडी उचलून नेल्याचे पैसे आणि ती शोधत फिरण्याचा टॅक्सीखर्च वेगळा. त्यापुढे पावतीवाली पार्किंग केव्हाही स्वस्त.

अडीच म्हणाले होते, परत आलो तेव्हा सव्वातीन. माझ्यापुढे दोन गाड्या लागलेल्या. बाईंनी कपाळाला हात लावला, पण ओरडल्या नाहीत. ज्यादा वेळेचे पैसे फलकाप्रमाणे घेतले. पुन्हा ढकलाढकली. बोनेटवर झाडाची पानं आणि कावळ्याची सही. मागच्या बंपरला एक बारीक ओरखडा होता, तो त्या दिवशीचा की आमच्या सोसायटीतला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

तारे द्यायचेच तर साडेतीन. दीड का कापला ते सांगते. पैसे भरायचा स्कॅनर नावालाच होता, सुट्टे माझ्याकडे नव्हते, शेवटी सँडविचवाल्याकडून शंभराचे सुट्टे आणले, त्यासाठी एक सँडविच घ्यावं लागलं (सँडविचला पाच). जवळपास बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. निदान मला सापडलं नाही, म्युझियममध्येच जाऊन यावं लागलं. आणि फूटपाथ. गाडीपासून म्युझियमपर्यंत वॉकर घेऊन जाताना आम्ही तीनदा रस्त्यावर उतरलो, कारण फूटपाथवर दुचाक्या होत्या. यातलं काहीच बाईंच्या हातात नाही, पण अनुभव हा सगळा मिळूनच असतो.

बॅलार्ड इस्टेट त्या दिवशी राहिलंच. ते दोन आठवड्यांनी रविवारी केलं, आणि रविवारी फोर्ट म्हणजे वेगळंच गाव. ऑफिसं बंद, रस्ते रिकामे, पोरं गल्लीत क्रिकेट खेळतायत. गोदी खणताना निघालेल्या मातीने समुद्र बुजवून ही वस्ती केली. तिचा आराखडाही गेटवे आणि म्युझियम बांधणाऱ्या जॉर्ज विटेटचाच. रस्ते असे रुंद की फलक बघून, रेषेच्या आत, एका झटक्यात गाडी लागली आणि मी सवयीने हँडब्रेक ओढला. आईंना इमारत सापडली. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी दाखवली. पाच मिनिटं बघितली आणि म्हणाल्या, "रंग चुकीचा दिलाय."

दिरांचं म्हणणं यावरही होतंच: ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत जाते, हुतात्मा चौकात स्टेशन आहे, गाडी ठाण्यात ठेवा आणि या. धडधाकट माणसांसाठी त्यांचंच बरोबर आहे. मीही एकटी असते तर तेच केलं असतं.

निघताना त्या पार्किंगवाल्या बाईंनी फोन नंबर दिला होता. "यायच्या आधी विचारत जा," म्हणाल्या. माझ्या मोबाइलमध्ये तो 'फोर्ट मावशी' म्हणून आहे. जानेवारीत लेकीच्या कॉलेजच्या कामाला जायचं होतं, आदल्या रात्री फोन केला. नाव सांगायच्या आधीच, "वॉकरवाल्या आजी बऱ्या आहेत ना?" मग म्हणाल्या, "उद्या नका येऊ. आझाद मैदानात मोर्चा आहे, इथे मुंगी शिरणार नाही."

पंचवटी एक्सप्रेसची दोन तिकिटं काढली.