‘शुल्क शून्य’ म्हणणाऱ्या अ‍ॅपची हुंडणावळ

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या तरुणांच्या फोनमध्ये घरी पैसे पाठवण्याचे एखादे अ‍ॅप हमखास असते. मी वापरत असलेले अ‍ॅप कामाला चोख आहे. पैसे बहुधा काही मिनिटांत पोहोचतात आणि ते वाटेत कुठवर आले आहेत, हेही पडद्यावर दिसत राहते. मात्र ते बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तासांवर कमावणारा तरुण नव्हता, असे वापरताना पदोपदी जाणवते.

आधी खर्चाचे पाहू. पहिल्याच पडद्यावर ‘शुल्क शून्य’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. खरी हुंडणावळ, म्हणजे पैसे पाठवण्याची किंमत, विनिमय दरात दडलेली असते. बँका आपापसांत ज्या दराने चलनाची देवघेव करतात, त्याहून आपल्याला मिळणारा दर कमी असतो आणि तो नेमका किती कमी, हे अ‍ॅप कुठेही सांगत नाही. दर तीन टक्क्यांनी कमी असेल, तर २०० डॉलरमागे ६ डॉलर विनाशुल्कच गेले. हा २०० डॉलरचा आकडा मुद्दाम घेतला, कारण अशा सेवांच्या खर्चाची तुलना जागतिक बँक याच रकमेवर करते. तिच्या हिशेबाने जगभरातला सरासरी खर्च अजूनही ६ टक्क्यांच्या वर आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार तो २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली यायला हवा. बँकेपेक्षा अ‍ॅप स्वस्त पडते, हे मान्य आहे, पण स्वस्त आहे म्हणून हिशेब झाकून ठेवण्याची मुभा मिळत नाही.

ओळख पडताळणी कायद्याने आवश्यकच आहे, त्याबद्दल कुरकुर नाही. अडते ते पत्त्याच्या पुराव्यापाशी. नव्याने आलेली मुले एका खोलीत तिघे-चौघे राहतात. भाडेकरार एकाच्या नावावर, विजेचे बिल घरमालकाच्या नावावर, अशी स्थिती असते. अ‍ॅपला मात्र स्वतःच्या नावाचे बिलच हवे असते आणि महाविद्यालयाचे किंवा नोकरी देणाऱ्या मालकाचे पत्र जोडायला तिथे जागाच ठेवलेली नाही.

‘दरमहा आपोआप पाठवा’ ही सोय जाहिरातीत सर्वांत पुढे असते आणि मला तीच सर्वांत गैरलागू वाटते. अनेक देशांत विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना ठरावीक तासांपुरतेच काम करता येते; शिवाय कामाच्या पाळ्या कधी मिळतात, कधी ऐनवेळी रद्द होतात. ज्याची कमाईच दर आठवड्याला बदलते, त्याच्या खात्यातून ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम वळती करू पाहणे म्हणजे खात्यात पैसे नसल्याचा दंड ओढवून घेणे होय. टक्केवारीने किंवा खात्यातील शिल्लक पाहून पाठवण्याचा पर्याय देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसावे.

त्याहून त्रासदायक आहे ते ‘पैसे मागा’ हे बटण. घरच्यांनी ते दाबले की कामाची पाळी चालू असतानाच फोन वाजतो आणि रक्कम आधीच भरलेला पडदा समोर येतो. पाठवण्याचे बटण हिरवे, मोठे, आणि नकाराचे बारीक राखाडी. पूर्वी ‘बँक बंद होती’ असे सांगून दोन दिवसांची सवड काढता येत असे (ही सबब किती कामाची होती, ते ती गेल्यावर कळते). आता पैसे क्षणात जातात, हे घरीही ठाऊक असते. त्यामुळे या आठवड्यात पाळ्याच मिळाल्या नाहीत, हे उघड सांगावे लागते. घरी काळजी नको म्हणून ते सांगणे टाळणारी मुले स्वतःच्या खोलीचे भाडे थकवून पैसे पाठवतात, हे मी जवळून पाहिले आहे. ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ असे एक साधे उत्तर त्या पडद्यावर देता आले असते.

ग्राहक मदत चोवीस तास उपलब्ध आहे आणि उत्तरेही लवकर मिळतात. नियमित पगार असणाऱ्यांना मी हे अ‍ॅप बिनदिक्कत सुचवेन. इतरांनी आपोआप पाठवण्याची सोय आणि मागणीच्या सूचना दोन्ही बंद ठेवाव्यात आणि रक्कम भरण्याआधी त्या दिवसाचा बाजारातला दर वेगळा पाहून घ्यावा.