एफएनमॅच वापरून बघितलं: स्टार भारी, प्रश्नचिन्हापाशी जपून

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचं कॉम्प्युटरचं काम बघतो मी. चलनं, टेस्ट सर्टिफिकेटं, ड्रॉइंगं सगळं स्कॅन होऊन एकाच फोल्डरात पडतं आणि पायथनची स्क्रिप्ट नाव बघून ज्याच्या त्याच्या जागी टाकते. आधी रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायची अवघड खुणांची भाषा) होतं, दिवाळीपासून एफएनमॅच (fnmatch) लावलंय, म्हणजे फाइलचं नाव साध्या पॅटर्नशी जुळतं का बघणारं पायथनचंच मॉड्यूल.

लई मोठा फायदा म्हणजे पॅटर्न आता अकाउंटवाले काका स्वतः लिहितात. * म्हणजे काहीही, ? म्हणजे एक अक्षर, चौकोनी कंसात यातलं कुठलंही एक, आणि कंसाच्या सुरुवातीला ! टाकलं की हे सोडून बाकी काहीही, बास एवढंच. पॅटर्न अख्ख्या नावाला लागतो हे मात्र सांगावं लागतं, नुसतं 'चलन' लिहून भागत नाही, '*चलन*' पाहिजे.

आता मराठी नावांचं ऐका. ? हे एक कोडपॉइंट (कॉम्प्युटर वेगळं मोजतो ते एक चिन्ह) धरतं, आपल्याला दिसतं ते अक्षर नव्हे. 'गिरणी' आपल्या हिशोबानं तीन अक्षरं, पण वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात म्हणून '???' लावलं तर जुळत नाही, '?????' लावलं की जुळतं. 'क्ष' तर एकटाच तीन खातो. मराठी नावात ? वापरूच नका राव, सरळ * टाका. आकड्यांचं पण तसंच, [0-9] मध्ये ५ सापडत नाही, [०-९] लिहिलं की बरोबर सापडतो.

विंडोजवर लहान-मोठी एबीसीडी एकच धरतं, लिनक्सवर नाही. आमचा स्कॅनर एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये टाकतो, ते ऑफिसच्या पीसीवर जुळायचं आणि सर्व्हरवर तीच फाइल तशीच पडून. मग नाव आणि पॅटर्न दोन्ही लहान एबीसीडीत करून एफएनमॅचकेस (याच मॉड्यूलमधलं, सगळीकडं लहान-मोठं वेगळं धरणारं फंक्शन) वापरलं, दोन्हीकडं सारखं चालतंय.

नावातच चौकोनी कंस असला तर बॅकस्लॅशचा उपयोग नाही, '[[]' असं लिहायचं, दिसायला कसंतरीच आहे पण चालतंय. आणि * स्लॅश ओलांडून जातो, म्हणजे '२०२४/*' ला आतल्या सबफोल्डरातलं पण सगळं जुळतं, ग्लोबमध्ये (फोल्डरातल्या फाइली शोधणारं पायथनचं दुसरं मॉड्यूल) एकटा * तसं करत नाही.

नावातनं तारीख किंवा हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा नंबर) उचलायचा असला तर याच्याकडनं होत नाही, हे फक्त हो किंवा नाही सांगतं. तेवढ्यासाठी रेजेक्सची एक ओळ अजून ठेवलीय, ती काकांना दाखवत नाही.