होमरच्या जलरंगांची प्रिंट : सुती कागद की कॅनव्हास?

विन्स्लो होमर (१८३६–१९१०) या अमेरिकी वास्तववादी चित्रकाराच्या समुद्रावरील कोळ्यांच्या जलरंगचित्राची प्रिंट दिवाणखान्यासाठी घ्यायची आहे, पण कागद घ्यावा की कॅनव्हास, असा प्रश्न एका स्नेह्यांनी विचारला.

चित्राशी इमान हा निकष मी सर्वांत वर ठेवतो. होमर लाटेचा फेस किंवा शिडावरचे ऊन दाखवताना पुष्कळदा कागदाचा पांढरेपणा कोराच सोडतो, तर कधी रंग खरवडून तो उघडा करतो. जाड, मॅट सुती कागदावर ही पांढरी जागा आणि पातळ निळ्या रंगाची ओघळलेली कड स्पष्ट दिसते. कॅनव्हासवर मात्र विणीची जाळी नेमकी त्याच ठिकाणी डोळ्यांत येते आणि जलरंग तैलचित्रासारखा भासू लागतो.

टिकाऊपणा दोन्हीकडे पिगमेंट शाईवर (सूक्ष्म रंगकणांची, सहसा लवकर न फिकटणारी शाई) आणि उन्हापासून दूर लावण्यावर अवलंबून आहे. खर्चात कागद मागे पडतो, कारण आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) आणि काचेची फ्रेम लागतेच. शिवाय पावसाळी दमटपणात काच कागदाला चिकटू नये म्हणून मधे अंतर ठेवावे लागते. वार्निश केलेला कॅनव्हास हलका असतो व काचेविना टांगता येतो.

मोठी भिंत, दुरून पाहणे आणि वारंवार घरबदल असेल, तर कॅनव्हास चालेल. जवळ उभे राहून चित्र न्याहाळणाऱ्याने कागदच घ्यावा.