दोन आजार, एकच केस पेपर: दुहेरी निदानाच्या उपचारसेवेचं परीक्षण

स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा गंभीर डिप्रेशन आहे आणि जोडीला दारू, गांजा किंवा अफूजन्य पदार्थांचं व्यसनही आहे, याला दुहेरी निदान म्हणतात. अशा माणसाचे नातेवाईक दोन दारांमध्ये हेलपाटे घालत राहतात. व्यसनमुक्ती केंद्र सांगतं, आधी डोक्याचे उपचार करून आणा. मानसोपचार विभाग सांगतो, आधी दारू सोडवून आणा. ही टोलवाटोलवी थांबावी म्हणून एकात्मिक सेवा उभी राहिली. तिचा साचा घडवण्यात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट ड्रेक आणि डार्टमथ कॉलेजमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. हे परीक्षण कुठल्या एका केंद्राचं नाही, या साच्याचं आहे.

साच्याचा कणा म्हणजे एकच टीम. मानसोपचारतज्ज्ञ, नर्स, व्यसनाचा समुपदेशक, समाजसेवक आणि रुग्णाला कामाला लावायला मदत करणारा माणूस एका टेबलाभोवती बसतात आणि एकाच केस पेपरवर लिहितात. पाटीवर ‘दुहेरी निदान’ लिहिलेलं असतं, पण मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येऊन गोळ्या लिहून जातात आणि समुपदेशकाला त्या गोळ्यांची नावंही ठाऊक नसतात, ही सर्रास दिसणारी फसवणूक आहे. दाखल करण्यापूर्वी समुपदेशकाला विचारा, ‘आमच्या माणसाला कोणती औषधं चालू असतील आणि का?’ उत्तर आलं नाही, तर तिथे टीम नाही.

पहिला कस डिटॉक्सच्या, म्हणजे शरीरातली नशा उतरवण्याच्या दिवसांत लागतो. दारू थांबल्यावर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, झटके (फिट) बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात आणि भ्रमाची धोकादायक अवस्था, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स, ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान गाठते. नर्स रुग्णाला हात पुढे करून बोटं पसरायला सांगते, कपाळावरचा घाम बघते, आज वार कोणता ते विचारते आणि सीवा (CIWA) चार्टवर गुण मांडते; विथड्रॉवलची, म्हणजे दारू थांबल्यावर होणाऱ्या त्रासाची तीव्रता हा चार्ट मोजतो. दहा बाबी, कमाल ६७ गुण. चार्ट उत्तम आहे, पण या रुग्णांमध्ये तो चकवतो. ज्याला एरवीही आवाज ऐकू येतात, जो मॅनियामुळे, म्हणजे बायपोलरमधल्या अतिउत्तेजित अवस्थेमुळे अस्वस्थ आहे, त्याचे गुण आपोआप वाढतात आणि गरज नसताना झोपेच्या औषधाचा (बेंझोडायझेपिनचा) डोस वाढतो. उलटी चूक जास्त घातक आहे. डिलिरियममधले भास स्किझोफ्रेनियाचे समजून नुसतं अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरचं औषध) दिलं जातं. ते झटक्यांची शक्यता वाढवतं आणि मूळ विथड्रॉवल तसंच राहतं. भान हरपणं, तारीख-वार न सांगता येणं, ताप आणि वाढलेली नाडी दिसली की आधी डिलिरियमचा विचार करणारी टीम हवी. ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिनचं (जीवनसत्त्व बी-१ चं) इंजेक्शन देतात का, हेही विचारून घ्या.

निदान कधी पक्कं करतात यावरून सेवेचा दर्जा कळतो. दारूवर अवलंबून असलेल्या पुरुषांच्या १९८८ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात, दाखल होताना ४२ टक्क्यांमध्ये लक्षणीय डिप्रेशन होतं. चार आठवडे दारूशिवाय गेल्यावर ते ६ टक्क्यांतच उरलं. म्हणून तिसऱ्याच दिवशी ‘कायमचं डिप्रेशन’ असा शिक्का मारणं घाईचं ठरतं. पण ‘महिनाभर थांबू’ हाही सरसकट नियम नाही. आत्महत्येचे विचार असतील, सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) असेल किंवा बायपोलर आधीपासून माहीत असेल, तर औषध त्याच दिवशी हवं. चांगली टीम कागदावर दोन रेघा ओढते, एक व्यसनाच्या काळाची आणि एक लक्षणांच्या काळाची. व्यसन बंद असलेल्या महिन्यांत लक्षणं होती का, हे त्या दोन रेघा दाखवतात. यासाठी नातेवाइकांना तासभर तरी बसवावं लागतं, आणि घाईच्या सेवेत नेमका हाच तास कापला जातो.

औषधांच्या जोड्यांत सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते ती सिगारेट. तंबाखूच्या धुरातले घटक यकृतातलं एक एन्झाइम वाढवतात, त्यामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही अँटिसायकोटिक औषधं शरीरातून लवकर निघून जातात. धूम्रपानबंदी असलेल्या वॉर्डात रुग्ण आला की हे थांबतं. डोस तोच राहतो, पण काही दिवसांतच रक्तातली पातळी चढते. रुग्ण सुस्त होतो, लाळ गळते, झटकाही येऊ शकतो. निकोटिनच्या पॅचने पातळी खाली येत नाही, कारण हे काम निकोटिनचं नसून धुराचं आहे. डिस्चार्जनंतर पुन्हा सिगारेट सुरू झाली की पातळी घसरते आणि आवाज परततात. दाखल होताना दिवसाला किती सिगारेट ओढता, हे विचारून डोसशी न जोडणाऱ्या सेवेला या एका बाबीत आम्ही नापास करू. इतर जोड्याही बघा. दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिराम सायकोसिस चिघळवू शकतं. दारूच्या विथड्रॉवलमध्ये ब्युप्रोपिऑन हे डिप्रेशनवरचं औषध टाळावं लागतं. अफूजन्य व्यसनावर दिल्या जाणाऱ्या मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनसोबत बेंझोडायझेपिन घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. बायपोलरसाठी लिथियम घेणारा रुग्ण उलट्यांनी कोरडा पडला तर लिथियमची पातळी वाढते.

समुपदेशनात साचा चार पायऱ्या मानतो: नातं जोडणं, मन वळवणं, सक्रिय उपचार आणि पुन्हा घसरण टाळणं. पहिल्या पायरीवरच्या माणसाला थेट चौथ्या पायरीच्या गटात बसवणं, हे सेवा फसण्याचं नेहमीचं कारण. तो अजून ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतोय आणि गट त्याला घसरणीची लक्षणं लिहायला सांगतोय. चारचौघांत चुका कबूल करायला लावणारे आक्रमक गट सायकोसिस असलेल्यांना पेलवत नाहीत. लहान गट, कमी वेळाचं सत्र आणि तोच मुद्दा पुन्हा पुन्हा, हे जमतं.

मर्यादाही सांगायला हवी. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात, गंभीर मानसिक आजारासोबत व्यसन असलेल्यांवरच्या ४१ चाचण्या तपासल्या गेल्या. व्यसन कमी करण्यात कोणतीही एक मानसोपचार पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा ठामपणे सरस ठरली नाही. तरीही आमचं मत एकात्मिक सेवेच्या बाजूने आहे, कारण औषधांचे वर लिहिलेले गोंधळ दोन वेगळ्या दारांमधल्या फटीतच घडतात. सौम्य चिंता आणि अधूनमधून जास्त पिणं एवढंच असेल, तर मात्र इतक्या मोठ्या टीमची गरज नाही. एक जाणता डॉक्टर पुरतो.

‘पुन्हा प्यायला तर काय करता?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. ‘नियम मोडला की डिस्चार्ज’ असं उत्तर आलं, तर दुसरी सेवा शोधा. डिस्चार्जच्या कागदांत पुढच्या भेटीची तारीख आठवड्याच्या आतली हवी. अफूजन्य पदार्थांचं व्यसन असेल, तर शरीराची सहनशक्ती डिटॉक्सनंतर घटलेली असते आणि जुना डोस जीव घेऊ शकतो, हे घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलेलं हवं. जिथे मिळतं तिथे नॅलोक्सोन, म्हणजे अफूजन्य पदार्थाच्या जादा डोसवरचा उतारा, हातात दिलेलं हवं, आणि ते कसं वापरायचं हे घरातल्या एकाने तरी तिथेच करून पाहिलेलं हवं.