किनाऱ्यानं की डोंगराकडनं? दोघांसाठी गोव्यातले चार दिवस, गाडीनं

माझा मावसभाऊ नि त्याची बायको पुण्याहून येतायत, हातात चार रात्री, गाडी इथेच भाड्यानं घेणार, आणि प्रश्न तोच जो दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच: रोड ट्रिपच करायचीय तर केरीपासनं पोळेपर्यंत समुद्राच्या कडेकडेनं जाऊ की आत सत्तरी-सांगेकडनं? मी फोंड्याची, म्हणजे बरोब्बर मधली. दोन्हीकडे आम्ही नवरा-बायको इतक्यांदा गेलोय की त्याला फोनवर तुकड्यातुकड्यात जे सांगितलं ते इथे सलग लिहून टाकते.

आधी एक गोष्ट जी नकाशा बघून कळत नाही. समुद्र सतत खिडकीत दिसत राहील असा रस्ता गोव्यात जवळजवळ नाहीच. हायवे ६६ पत्रादेवीला गोव्यात शिरतो आणि पोळ्याला कर्नाटकात जातो, पण जातो कसा तर म्हापसा, पर्वरी, पणजी, मडगाव करत आतनं आतनं. बीच बघायचा तर माशाच्या काट्यासारखं हायवेवरनं आडवं घुसायचं, पार्किंग शोधायचं, वाळूत चालायचं, पायाची वाळू झटकून परत गाडीत, परत हायवे, परत पुढचा काटा. गाडीत बसल्या बसल्या दिसतं काय, तर पुढच्या टुरिस्ट बसचा मागचा भाग नि हॉटेलांच्या पाट्या, मधून मधून माड. डोंगराकडच्या रस्त्यावर हे उलटं आहे, तिथे थांबायच्या जागा कमी पण दोन जागांच्या मधला रस्ताच बघण्यासारखा. तुम्हाला गाडी चालवणं आवडतं की पोचणं आवडतं, एवढं दोघांनी एकमेकांना विचारलंत तरी अर्धा निर्णय झाला.

किनाऱ्याचा प्लॅन साधारण असा होतो. पहिल्या दिवशी पेडण्यातलं केरी, तिथनं फेरीबोटीनं नदी ओलांडून तेरेखोलचा किल्ला (सावंतांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला), मग परत येऊन हरमल, आश्वें, मोरजी, मुक्काम त्याच पट्ट्यात कुठेतरी. दुसऱ्या दिवशी शिवोलीचा पूल उतरून शापोरा, वागातोर, हणजूण, आणि संध्याकाळी पणजी. पणजीला ती संध्याकाळ द्याच, मळा नि फोंतान्या या पणजीतल्या वस्त्यांत पायी फिरायला गाडी लागत नाही आणि चालवणाऱ्यालाही जरा सुट्टी मिळते. तिसऱ्या दिवशी झुआरी ओलांडून माजोर्डा ते केळशी-मोबोरचा सरळसोट पट्टा, आणि चौथ्या दिवशी बेतूल, काब दि राम, आगोंद, पाळोळें, जमलं तर गालजीबाग.

यातले पहिले तीन दिवस खरं सांगायचं तर मला कंटाळवाणे वाटतात, ड्रायव्हिंग म्हणून. कळंगुट-बागाकडे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाडी घेऊन जाणं ही नवरा-बायकोची परीक्षाच आहे. पण चौथा दिवस वेगळा. बेतूलहून वर चढलात की कातळाचं पठार लागतं, झाडं खुजी होतात, गवत पिवळं, आणि मग अचानक उजवीकडे खाली समुद्र. किनाऱ्याच्या सगळ्या प्लॅनमधला खरा रोड ट्रिपवाला तुकडा हाच, बेतूल ते आगोंद, तासाभराचा. काब दि रामच्या किल्ल्यात आत चर्च आहे, पोर्तुगीजांनी हा किल्ला १७६३ मध्ये सौंदेकर राजाकडनं घेतला, नंतर तिथे तुरुंगही होता. बुरुजावर वारा इतका की ओढणी सांभाळावी लागते. त्याच वाटेवर खोला गाव, ज्याच्या मिरचीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, आणि हंगामात रस्त्याच्या कडेला कोणी विकत बसलं असेल तर घासाघीस न करता घ्या. रंग सुंदर येतो, तिखटपणा बेताचा.

आता डोंगराकडचा. याचं नाव काढलं की लोक एकच विचारतात, दूधसागर. तेव्हा ते आधी उरकते. धबधबा भव्य आहेच, ३१० मीटर, पण तुमची गाडी तिथे जात नाही, कुळ्याहून जीप घ्यावी लागते, जीप पावसाळ्यात बंद, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात, आणि रांग, लाईफ जॅकेट, वाट बघणं मिळून अर्धा दिवस जातो. चारच दिवस असतील तर मी सोडून देईन, ज्यांना जायचंच त्यांनी सकाळी पहिल्या जीपला हजर राहावं.

त्यापेक्षा असं करा. पहिला दिवस साखळी, हरवळ्याचा धबधबा नि शेजारची कोरीव लेणी, मग केरी, अंजुणे धरण, आणि चोर्ला घाट. घाट पूर्ण चढून बेळगावला जायची गरज नाही, वर गारवा लागेपर्यंत जा, चहा घ्या, उलटे फिरा, आणि वाळपयहून आतल्या रस्त्यानं मुक्कामाला मोले. उतरतानाचा देखावा चढतानापेक्षा चांगला कारण तेव्हा दरी समोर असते.

हं, इथे एक सूचना. गोव्यात केरी एक नाही. पेडण्यात आहे, सत्तरीत आहे, आमच्या फोंडा तालुक्यातही आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आम्ही म्हापशाहून चोर्ल्याला निघालो, मी म्हटलं केरी लाव, त्यानं केरी लावलं, मी गाणी लावत होते, तो मॅपमधली बाई सांगेल तसा वळत होता, आणि तासाभरानं धरणाच्या ऐवजी समोर फेरीचा धक्का. ओहोटी होती म्हणून फेरीही थांबलेली. दोघं गाडीच्या बॉनेटला टेकून वीसेक मिनिटं एकमेकांशी अजिबात बोललो नाही, मग शेजारच्या गाड्यावर ऑम्लेट-पाव घेतला आणि बोलायला लागलो. तर मॅपवर नुसतं केरी टाकू नका, अंजुणे धरण टाका.

दुसरा दिवस तांबडी सुर्ला. हे देऊळ लहान आहे, आधीच सांगते, कोणी हम्पी डोक्यात ठेवून येतं नि हिरमुसतं. पण कदंबांच्या काळचं, बाराव्या-तेराव्या शतकातलं, जंगलात लपल्यामुळे वाचलेलं. गोवाभर जिकडे बघाल तिकडे जांभा दगड, आणि हे मात्र काळ्या बेसाल्टचं, म्हणजे दगड घाटावरनं आणलेला. खांबांवर हात फिरवा, एकाच्या पायथ्याशी हत्तीनं घोडा तुडवलेला दिसेल. मंडपातल्या नंदीला डोकं नाही. देऊळ पूर्वेकडे तोंड करून आहे त्यामुळे सकाळी लवकर गेलात तर ऊन थेट आत, दहानंतर गेलात तर शाळेची सहल आत. मुक्काम परत मोलेलाच.

तिसरा दिवस धारबांदोडा, सावर्डे-कुडचडे करत सांगे. हा मधला पट्टा खाणींचा, लाल धूळ, रस्ता ओबडधोबड, काच वर करून पटकन पार करायचा. पण सांग्याच्या पुढे साळावली धरण लागलं की सगळं माफ. याचा सांडवा बदकाच्या चोचीसारखा, पाणी गोल कडेवरनं विहिरीत पडल्यासारखं आत पडतं, पावसाळ्यात धरण भरलं की बघण्यासारखं आणि त्याच दिवसांत तुफान गर्दी. एप्रिल-मेमध्ये आलात तर वेगळीच गोष्ट: पाणी उतरतं आणि बुडालेलं कुर्डी गाव वर येतं, जोती, वाटा, देऊळ. गायिका मोगूबाई कुर्डीकर याच कुर्डीच्या. गाणं ऐकणारं जोडपं असेल तर मेमधल्या उन्हाचा त्रास काढूनही जावं असं माझं मत, बाकीच्यांनी घाम गाळू नये.

तिथनं रिवणच्या बाजूला कुशावती नदीकाठी पणसायमळची कातळचित्रं, जांभ्यावर कोरलेली जनावरं, माणसं, आणि एक गोल चक्रव्यूह ज्यावर बोटानं वाट शोधायला लागलात की पंधरा मिनिटं जातात. १९९३ मध्ये ती अभ्यासकांसमोर आली. पावसात त्यावर पाणी नि चिखल असतो, म्हणून नोव्हेंबर ते मे. मग नेत्रावळी, बुडबुड्यांची तळी, आणि रात्र तिथेच एखाद्या होमस्टेत. जेवायला उकडा भात, हुमण (माशांचं कालवण), एखादी तळलेली तुकडी, सोलकढी, आणि मेनूकार्ड नाही, जे शिजलं ते. आधी फोन करून सांगावं लागतं दोन माणसं आहेत म्हणून. चौथ्या दिवशी केपें, बाळ्ळी, करमल घाट उतरून काणकोण, आणि शेवटची रात्र आगोंदला समुद्रावर. म्हणजे डोंगराच्या प्लॅनमध्ये समुद्र चुकत नाही, एकदाच येतो आणि भुकेल्या माणसाला जेवण लागतं तसा लागतो.

किलोमीटरमध्ये दोन्हींत मोठा फरक नाही, गोवा केवढासा, पण तासांत पडतो. किनाऱ्याला वेळ ट्रॅफिक खातं, आत वळणं खातात. शेजारी बसणाऱ्याला गाडी लागत असेल तर चोर्ला नि करमल दोन्ही त्रासाचे, खिडकी उघडी, पोट हलकं, आणि चालवणाऱ्यानं हिरोगिरी करायची नाही, करमल घाट अरुंद आहे आणि समोरनं ट्रक येतात. एकालाच चालवता येत असेल तर मी किनारा सुचवेन, कारण तिथे संध्याकाळी गाडी लावून टाकली की दुसऱ्या दिवसापर्यंत पायी भागतं, आत मात्र रात्रीच्या जेवणालाही कधी कधी गाडीच काढावी लागते. दोघंही चालवणारे असाल तर डोंगर, डोळे झाकून. आणि हुर्राकच्या (काजूच्या बोंडांच्या दारूच्या) दिवसांत, म्हणजे साधारण मार्च ते मे, सत्तरीत काजूच्या बोंडांचा तो आंबूस वास रस्त्यावरच येतो, मोह होतोच, तर मुक्कामाला पोचल्यावर, आधी नाही.

खोल्यांचं. किनाऱ्याला निवड भरपूर, पण डिसेंबर-जानेवारीत भाव बघून घाम फुटतो. आत निवड कमी, भाव बरा, शनिवार-रविवार सोडून सहज मिळतं. चार रात्रींत चार खोल्या मात्र करू नका, रोज सकाळी बॅगा भरण्यात भांडणं होतात, निदान आमच्याकडे होतात. किनाऱ्याला दोन खोल्यांत भागतं, उत्तरेला दोन रात्री नि आगोंदला दोन, पणजी मधल्या दिवशी उरकायची. डोंगराकडे तीन लागतात, मोले दोन रात्री, नेत्रावळी एक, आगोंद एक, आणि चोर्ला उरकून मोले गाठायला पहिल्या दिवशी सकाळी लवकर निघायचं.

पावसाळ्यात येणार असाल तर तुलनाच नको, आत जा. जूनपासनं बीचवरचे शॅक बंद, समुद्र खवळलेला, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी म्हणजे ताजी मासळीही तुटपुंजी. डोंगर तेव्हा हिरवा गच्च. फक्त घाटात दरडीची बातमी सकाळी बघून निघायचं आणि धबधब्यात उतरायचं नाही, पाणी वरच्या पावसानं अचानक वाढतं.

गाडी भाड्यानं घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची प्रायव्हेट गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर पोलिसांनी अडवल्यावर ती स्वस्ताई तुमच्या अंगावर येते. आम्ही एकदा पाहुण्यांसाठी घेतली तेव्हा जुने ओरखडे आमच्या माथी मारायचा प्रयत्न झाला होता, तेव्हापासनं घेतानाच चारी बाजूंनी व्हिडिओ. टाकी वाळपय, कुडचडे, केपें अशा मोठ्या गावांत भरून घ्यायची, नेत्रावळीकडे पंपाच्या भरवशावर राहायचं नाही, मोबाईलची रेंजही तिथे जाते म्हणून मॅप आधीच डाऊनलोड. आणि राज्याबाहेर न्यायची का हे विचारून ठेवा, कारण कोणी म्हणेल तिसरा पर्याय, शिरोडा-वेंगुर्ला-मालवण, तो खरंच सुंदर आहे, किरणपाणीच्या पुलावरनं आरोंद्याला गेलात की लगेच गर्दी संपते, पण त्याला चार दिवस स्वतंत्र द्या, गोव्याला चिकटवू नका.

एवढं सगळं सांगितल्यावर भाऊ म्हणाला डोंगरच, वहिनीही चालवतात, ठरलं. मग हळूच म्हणाला, ताई, विमानाची तिकिटं मात्र उत्तरेकडच्या मोपा विमानतळाचीच काढलीत जाता-येता, परतीचं सकाळी सातचं. आता आगोंदहून मोपा म्हणजे अडीच-तीन तास, म्हणजे शेवटच्या रात्री झोपच नाही. दाबोळीचा विमानतळ असता तर निम्म्यात भागलं असतं. मग आम्ही सगळा प्लॅन उलटा केला: उतरल्या दिवशी ताजेतवाने असताना हायवेनं सरळ आगोंद, मग नेत्रावळी, मग मोले नि तांबडी सुर्ला, आणि चोर्ला शेवटी, चौथी रात्र साखळीला, तिथनं डिचोली, अस्नोडा करत पहाटे मोपा तासाभरात. समुद्र आधी येतो आणि खोल्या चार होतात, एवढंच. वहिनी म्हणाल्या चालेल, पण पणसायमळला मी अर्धा तास बसणार, ते चक्रव्यूहाचं मला करून बघायचंय.