डीएस३२३१ घड्याळ मॉड्यूल: काम चोख, पण सेल बघून घ्या

आमच्याकडे टाकीच्या मोटरची नोंद ठेवायला जुना रास्पबेरी पाय ३ लावलाय, म्हणजे तळहाताएवढा लिनक्सवाला कॉम्प्युटर. एकदा बाबा विचारतात, रात्री दोनला मोटर कोणी लावली रे? अहो कोणी नाही, सकाळी सहालाच लावलेली, पण दोन ते सहा लाइट नव्हती आणि ते पायच्या गावीही नाही. त्या बोर्डावर सेलवर चालणारं घड्याळच नसतं, फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा जुगाड तासातासाला वेळ फाइलीत लिहून ठेवतो आणि लाइट आली की तिथूनच पुढे मोजायला लागतो. नेट आलं की वेळ आपोआप दुरुस्त होते, पण आमचं नेट लाइटनंतर कधी अर्ध्या तासाने येतं तर कधी थेट दुपारी.

म्हणून हे मॉड्यूल मागवलं, १८० रुपये. आयटूसीडिटेक्ट (जोडलेल्या चिपांचे पत्ते दाखवणारी कमांड) मारलं तर ५७ आणि ६८ असे दोन पत्ते दिसले. ६८ म्हणजे घड्याळ, ५७ ही त्याच बोर्डावरची मेमरी, मी उगाच अर्धा तास तिच्या मागे लागलो. कॉन्फिग फाइलीत ओव्हरले, म्हणजे हे घड्याळ जोडलंय असं पायला सांगणारी ओळ, टाकून रीबूट केलं, ६८ च्या जागी यूयू आलं की ड्रायव्हर बसला समजायचं. फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाका, आणि नेट चालू असताना वेळ बरोबर आहे ना बघूनच ती मॉड्यूलमध्ये लिहा, नाहीतर चुकीचीच वेळ सेलवर जपून ठेवाल.

आता तक्रार. बोर्डावरचं चार्जिंग सर्किट एलआयआर२०३२ साठी, म्हणजे चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे, आणि विकणाऱ्याने सोबत दिला साधा, चार्ज न होणारा सीआर२०३२! पाच व्होल्टला जोडलं तर त्या बिचाऱ्या सेलमध्ये जबरदस्तीने करंट जात राहतो, फुगायचा एखाद दिवशी. शिवाय डेटाच्या वायरींवरही पाच व्होल्ट येतात आणि पायच्या पिना ३.३ च्याच. तेव्हा ३.३ लाच लावा. मी तर डायोडजवळचा, चार्जिंगच्या वाटेवरचा बारका रेझिस्टरच सोल्डरिंग गनने उडवला, कटकट नको.

चिप स्वतःचं तापमान बघून वेळ सावरते, कागदावर २ पीपीएम (दहा लाख सेकंदांत दोन सेकंद) म्हणजे वर्षाला साधारण मिनिटभर इकडेतिकडे. मी तीन आठवडे नेट काढून ठेवलं, मोबाइलशी ताडलं तर जेमतेम सेकंदाचा फरक.

पाचात चार स्टार, एक सेलपायी कापला. पाय ५ वाल्यांनी घेऊ नका, त्यात घड्याळ बोर्डावरच आहे, फक्त सेल वेगळा घ्यावा लागतो.